चौकाभोवतीचे घर : झाशीचा राणीमहाल

झाशीस येणारा पाहुणा प्रथम किल्ल्यावर जातो. आमच्याकडे महाराष्ट्रातून जे जे आप्तेष्ट आजवर आले, त्यांचा कार्यक्रम जणू छापील असल्यासारखा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी विश्रांती, दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी किल्ला. कडक बिजली आणि भवानीशंकर या तोफा, पाठीशी दत्तकपुत्र बांधून राणीने जेथून घोडा फेकला असे सांगतात ती तटावरची जागा, तेथे उभे राहून काढलेले छायाचित्र आणि मग ओरछाकडे प्रयाण. किल्ला उतरताना आम्ही हळूच विचारतो, "राणीमहाल पाहावयाचा का?" त्यावर उत्तर येते, "तेथे काय आहे?"

हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे, की मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादकांचा आग्रह पडताच त्याचे उत्तरच लिहून काढावे असे मनाने घेतले. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने अनेक गावांचे पाणी प्यालेला, पन्नाशी उलटलेला एक सामान्य पदवीधर, एवढीच आमची पात्रता. परंतु जन्मभर सरकारी निवासस्थानात राहिलेल्या माणसास घर या वस्तूविषयी एक निराळीच ओढ असते, आणि ती ओढच आम्हांस वारंवार त्या बाजारातल्या दुमजली इमारतीकडे नेत आली आहे.

झाशीचा किल्ला मुळात मराठ्यांचा नव्हे. बंगरा नावाच्या टेकडीवर ओरछाचा बुंदेला राजा वीरसिंगदेव याने तो १६१३ साली बांधला. महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका पहिल्या बाजीरावाने १७२९ मध्ये केली आणि त्या उपकाराच्या पोटी बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला, हे आपण शाळेतच शिकलो. पुढे १७४२ च्या सुमारास नारो शंकर सुभेदार म्हणून आले. नाशिकच्या पंचवटीत गोदातीरी ज्यांचे देऊळ आहे आणि ज्यांच्या देवळाची घंटा मराठी बोलण्यात आजही वाजते, तेच हे नारो शंकर. त्यांनी किल्ला वाढविला, वाढलेल्या भागास शंकरगड हे नाव पडले, आणि टेकडीच्या पायथ्याशी शहर वसविण्यास त्यांच्याच काळात जोर आला. या शहरात मराठी कुटुंबांचे पहिले बिऱ्हाड कोणाचे, हे सांगणे आता अशक्य असले तरी ते नारो शंकरांच्या फौजेमागोमाग आलेल्या एखाद्या कारकुनाचे किंवा भिक्षुकाचे असावे, असे समजण्यास हरकत नाही. म्हणजे नोकरीनिमित्त येथे येऊन राहणाऱ्यांची आपली परंपरा पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

किल्ला शत्रूला उद्देशून बांधलेला असतो. त्याच्या भिंती बाहेरच्यांशी बोलतात. तो बांधणारा कोठून आला, घरी कोणती भाषा बोलत होता, सणाला काय खात होता, याचा पत्ता किल्ला लागू देत नाही. ते सांगते घर. नारो शंकरांनंतर काही वर्षांनी, १७६९ च्या सुमारास, रघुनाथ हरी नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे, नंतर खानदेशात पारोळ्यास स्थिरावलेले घराणे. १७९६ पर्यंत रघुनाथ हरींनी झाशी सांभाळली, आणि त्यांनीच शहरात हा वाडा बांधला. पुढे त्याला राणीमहाल हे नाव मिळाले. बांधला तेव्हा त्यात कोणी राणी नव्हती. पेशव्यांच्या एका सुभेदाराचे ते राहते घर होते, आणि इमारत पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

याचे प्रत्यंतर हवे असेल तर वाचकांनी एका रविवारी ओरछा आणि दतिया पाहून मग राणीमहालात यावे. ओरछाचा जहांगीर महाल झाशीपासून मोटारीने अर्ध्यापाऊण तासाच्या आत आहे. दतियाचा वीरसिंगदेवाचा राजवाडाही फार दूर नाही. दोन्ही वास्तू उंच, मजल्यावर मजले चढविलेल्या, माथ्यावर घुमट आणि छत्र्या यांची गर्दी. दोन कोसांवरून दिसावे, पाहणाऱ्याची मान वर व्हावी, हाच त्यांचा हेतू. रघुनाथ हरींच्या डोळ्यांसमोर हे नमुने होते. ते घडविणाऱ्या कारागिरांचे वंशजही याच मुलखात होते. मनात आणते तर त्यांनाही घुमट चढविता आले असते. त्यांनी दोन मजल्यांवर सपाट धाबे घातले, बाहेरच्या बाजूस फारसा दिमाख ठेवला नाही आणि घराचे तोंड आत, चौकाकडे केले.

चौक म्हणजे मराठी घराचे हृदय, हे ज्यांचे बालपण वाड्यात गेले त्यांना सांगावयास नको. राणीमहालात शिरल्यावर मधोमध चौकोनी अंगण, त्यात विहिरी आणि कारंजे, आणि सभोवार दोन मजली बांधणी. सहा दालने, दोन समांतर ओसऱ्यांसारखे लांब मार्ग आणि काही लहान खोल्या. वरच्या मजल्यावर दरबाराचे दालन. त्याच्या महिरपी कमानींवर आणि भिंतींवर रंगीत नक्षी आहे: फुले, वेली, मोर. दीडदोन शतकांच्या धुरा-पावसाने रंग पुष्कळ विटले. तरीही सकाळचे ऊन तिरपे येते तेव्हा लाल आणि हिरवा डोळ्यांत भरतो. त्या दालनात आम्ही जेव्हा जेव्हा उभे राहिलो, तेव्हा आपण राजदरबारात आहोत असे न वाटता एखाद्या संपन्न इनामदाराच्या दिवाणखान्यात आहोत असे वाटले, आणि आता कोणी तरी पानसुपारीचे तबक घेऊन येईल असा भास झाला.

मात्र पुण्या-साताऱ्याचा वाडा उचलून येथे आणून ठेवला, असेही नव्हे. देशावर वाड्याचा सांगाडा सागवानाचा असतो. सुरूच्या आकाराचे खांब, वर तुळया, कडीपाट. बुंदेलखंडात तसे लाकूड विपुल नाही. येथे चुना, वीट आणि दगड, आणि कमान वळविण्यात पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले गवंडी. त्यामुळे जेथे आपला सुतार खांब उभा करून तुळई टाकता, तेथे या गवंड्याने कमान वळविली. रंगविणारा हातही याच मुलखातला. त्याच्या मोरात बुंदेली डौल आहे. घराची कल्पना मराठी आणि घराची बोली बुंदेली, असे आम्ही म्हणतो. आपल्या मुलांचे मराठी ऐकले की हा वाडा आठवतो. शब्द हिंदी, वाक्याचा सांगाडा आजीचा.

येथे थोडे दूर जाण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. आमची कन्या नोकरीनिमित्त लंडनला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असता, "बाबा, तुम्हांला जुन्या इमारतींचे वेड आहे ना, चला," म्हणून तिने आम्हांस थेम्स नदीच्या दक्षिणेस सदर्क भागात नेले. तेथे जॉर्ज इन नावाचे एक जुने मद्यगृह आहे. इंग्रज त्याला पब्लिक हाऊस म्हणतात, म्हणजे सर्वांना उघडे असलेले घर. आम्ही मद्य घेत नाही. लिंबाचे सरबत मागविले, ते मिळाले, आणि कोणी हसले नाही. पण नजर पेल्याकडे नव्हतीच. समोर फरसबंद अंगण, त्याच्या एका बाजूस तीन मजली जुनाट इमारत, आणि वरच्या मजल्यांना अंगणाकडे तोंड केलेले लाकडी सज्जे. खोल्यांची दारे त्या सज्ज्यांत उघडतात. आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. हा तर वाड्याचा चौक!

चौकशी केली तेव्हा कळले की १६७६ च्या आगीत जुनी वास्तू जळाली आणि १६७७ साली ही पुन्हा उभी राहिली. घोडागाड्यांच्या काळात प्रवासी येथे उतरत. खाली घोडे आणि सामान, वर निजण्याच्या खोल्या. एलिझाबेथ राणीच्या काळात लंडनच्या अशाच चौकांतून नाटके होत. साधे लोक खाली उभे राहत आणि पैसेवाले सज्ज्यांतून पाहत. आपल्याकडे ललित किंवा कीर्तन असले की पुरुषमंडळी चौकात आणि बायका माडीवरच्या गजांआडून, असेच नव्हे काय? नाटकाच्या नादाविषयी तर झाशीचे गंगाधरराव नेवाळकर प्रसिद्धच होते. ऊन आणि पाऊस यांची भाषा वेगळी असली, तरी चार भिंतींच्या आत एक मोकळे आकाश राखून माणसांना एकत्र आणण्याची युक्ती दोन्हीकडे सुचली, याचे आम्हांस फार नवल वाटले.

जॉर्ज इनची चौकट मुळात तीन बाजूंची होती. आगगाडी आली, घोडागाड्या गेल्या, ती जागा रेल्वे कंपनीकडे गेली आणि १८८९ मध्ये तिने दोन बाजू पाडून टाकल्या. सज्जेवाली अशी दुसरी वास्तू आता लंडनात उरलेली नाही. उरलेली ही एक बाजू १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या हाती आली म्हणून टिकली. योगायोग असा, की त्याच १८८९ साली इंडियन मिडलंड रेल्वेचा मार्ग भोपाळहून झाशीपर्यंत आला. त्याच रुळांवरून पुढे कित्येक मराठी कुटुंबे झाशीस आली. आपल्या मंडळाच्या आजीव सभासदांत त्यांची नातवंडे-पतवंडे आहेत. एका चौकाच्या दोन बाजू पाडणारी आगगाडी दुसरीकडे वस्ती घेऊन आली, हा विचार त्या अंगणात बसून सरबत पिताना मनात आला आणि कन्येला सांगितला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठेही जा, झाशीलाच पोचता."

तर झाशीलाच पोचू. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी घेतलेले दत्तक कंपनी सरकारने मानले नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. राणी लक्ष्मीबाईंना दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन नेमून देण्यात आले, आणि किल्ला सोडून त्या शहरातल्या वाड्यात राहावयास आल्या. जून १८५७ मध्ये झाशीत उठाव होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, त्या येथे होत्या. चित्रांत आणि पुतळ्यांत आपण त्यांना घोड्यावरच पाहतो. पण राज्य गेलेली, पंचविशीच्या आतबाहेरची एक विधवा तीन वर्षे घर चालविते, दत्तकपुत्र वाढविते, वकिलांकरवी अर्जामागून अर्ज पाठविते आणि प्रत्येक वेळी नकार वाचते, हे चित्र कोणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही. सरकारी खलित्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे नोकरीत तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यास थोडेसे ठाऊक आहे. त्या वाट पाहण्याच्या काळाला साक्षी आहे तो किल्ला नव्हे, हे घर.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. राणी जन्मल्या काशीस, वाढल्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, आणि लग्न होऊन १८४२ मध्ये आल्या झाशीस. तांब्यांची ही लेक मराठी बोलत होती, मराठी सणवार करीत होती. पण तिचे अवघे आयुष्य गंगा-यमुनेच्या आणि बेतव्याच्या मुलखात गेले. चौक, देवघर, ओटी हेच तिच्या वाट्याला आलेले महाराष्ट्र.

मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोजच्या तोफा सुरू झाल्या. ३ एप्रिल रोजी इंग्रजी फौज शहरात घुसली. राजवाड्यापर्यंतच्या गल्ल्यांतून आणि मग राजवाड्यात दालनादालनांतून हातघाईची लढाई झाली. पागेतले राणीचे स्वार शरण न जाता अखेरपर्यंत लढले. तेथे सैनिकांना इंग्रजांचेच एक रेशमी निशाण सापडले. १८३२ मध्ये लॉर्ड बेंटिंकने झाशीच्या रामचंद्ररावांना एकनिष्ठेबद्दल ते दिले होते. तेच निशाण त्यांनी वाड्यावर चढविले. इतिहासाला कधी कधी फार कडू विनोद सुचतो.

त्या दिवसांचे वर्णन आपल्या भाषेत उपलब्ध आहे, हे आपले भाग्य. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे आले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी तो नसेल त्यांनी तो अवश्य आणावा. लूट कशी झाली, सोन्यारुप्यापासून तांब्यापितळेवर आणि पुढे धान्यावर हात कसा आला, आणि झाशीचा नावाजलेला ग्रंथसंग्रह कसा धुळीस मिळाला, हे एका भिक्षुकाने पाहिले व लिहिले. भिंतीतले गोळे बुजविता येतात. पोथ्यांचे तसे नसते.

वाड्याचा पुष्कळ भाग त्या धामधुमीत गेला. पुढे १८६१ मध्ये शहर आणि किल्ला शिंद्यांकडे दिला गेला, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी तो परत घेतला. आज उरलेल्या वाड्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. देवगड, बरुआसागर, मदनपूर, दुधई, चांदपूर अशा बुंदेलखंडातल्या स्थळांवरून आणलेली, बहुतेक नवव्या ते बाराव्या शतकांतली दगडी शिल्पे ओळीने मांडली आहेत. शिल्पे उत्तम आहेत, त्याविषयी वाद नाही. जतन झाले म्हणूनच आपण आज तेथे उभे राहू शकतो. पण पाहणारा मूर्ती पाहतो आणि घर पाहण्याचे राहून जाते. जॉर्ज इनमध्ये लोक अजून जेवतात, भांडतात, हसतात. म्हणून तेथे घर समजते. येथे ते ज्याचे त्याने कल्पनेने भरावे लागते.

आमची कल्पना अशी कमकुवत का, याचे कारण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कऱ्हाडच्या बाजूस आमच्या आजोबांचा एक दोन चौकी वाडा होता. आम्ही कोणीच तेथे राहत नव्हतो; भाऊबंदांचे नऊ हिस्से झाले होते, मागच्या चौकाची भिंत कलली होती. अकरा वर्षांपूर्वी तो विकला गेला. आम्ही तेव्हा दूर पूर्वेकडे बदलीवर होतो. मुखत्यारपत्रावर सही केली आणि रजिस्टर्ड टपालाने धाडून दिले. रजा मिळत असूनही गेलो नाही. एक छायाचित्र नाही, एक नकाशा नाही. लंडनच्या लोकांनी उरलेली एक बाजू सांभाळली याचे कौतुक सांगणारे आम्ही, आमच्या वाड्याच्या चारही बाजू एका सहीने घालवून बसलो. यात कोणास दोष द्यावा असा दुसरा मनुष्य नाही.

गतवर्षी हिवाळ्यात आमच्या आत्याबाई झाशीस आल्या. वय शहाऐंशी. त्या वाड्यात जन्मलेल्यांपैकी त्या एकट्याच हयात आहेत. गुडघ्यांमुळे किल्ला शक्य नव्हता, म्हणून प्रथमच आम्ही पाहुण्यास थेट राणीमहालात नेले. दाराशीच त्यांनी चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "माताजी, चप्पल पहने रहिए, सब पहनते हैं." आत्याबाई म्हणाल्या, "अरे, आत देव दिसतायत ना!" आणि अनवाणी आत गेल्या. एका विष्णुमूर्तीस हात जोडले, चौकाच्या कडेला बसल्या आणि पाच मिनिटे नुसत्या चहूकडे पाहत राहिल्या.

"तुळस कुठे होती?" त्यांनी विचारले.

आम्ही म्हणालो, "आता नाही, आत्या."

"आता नाही ते दिसतंय मला. होती कुठे, ते विचारत्ये."

आम्हांला सांगता येईना. मग त्यांनीच बोट दाखविले: सकाळचे ऊन अमुक बाजूने येते, विहीर येथे, म्हणजे पाणी शेंदून बाई या वाटेने जाणार, तर वृंदावन तेथे असले पाहिजे. न्हाणीघर त्या अंगास, कारण सांडपाणी देवघराखालून कोणी नेत नाही. उन्हाळ्यात दुपारी चौकात पाणी मारले की वरच्या दालनात गारवा चढतो, म्हणून बैठक वर. त्यांचे म्हणणे कितपत खरे, हे वास्तुतज्ज्ञांनी ठरवावे. पण इतकी वर्षे जी इमारत आम्ही पाहत होतो, ती त्या दिवशी प्रथम घर झाली. कोणी तरी पहाटे उठून त्या चौकात सडा घालीत होते, असे दिसू लागले.

आम्ही खिशातून कागद काढला. "आत्या, आपला वाडा सांग."

त्या सांगत गेल्या आणि आम्ही रेघा ओढीत गेलो. दिंडी दरवाजा, देवड्या, पहिला चौक, ओसरी, ओटी, माजघर, बाळंतिणीची खोली, मागचा चौक, गोठा. एकदोन ठिकाणी खोडावे लागले. मागच्या चौकातल्या विहिरीपाशी मात्र आमचे अडले. आमच्या आठवणीप्रमाणे विहीर तुळशीच्या उजव्या हातास होती. लहानपणी पोहऱ्याचा दोर सोडून दिल्याबद्दल तेथेच मार खाल्ला होता. आत्याबाई म्हणाल्या, डावीकडे. आता तेथे दुकानांची तीन मजली इमारत आहे. जाऊन पाहण्याची सोय नाही.

आम्ही कागदावर विहीर डावीकडे काढली.